नंदीबाबूंचा ‘न’

की-बोर्ड बिघडल्याचा फोन करणारा माणूस, मग तो कलकत्त्याच्या डलहौसीतला मोठा साहेब असो की बेहालातला मिठाईवाला, पहिलं वाक्य एकच बोलतो. “दिदि, आमि किच्छु कोरिनि.” मी काहीच केलेलं नाही. मी अजून काही विचारलेलंसुद्धा नसतं. खून कुठे झाला हे कळायच्या आधीच, आपण त्या वेळी मावशीकडे जेवत होतो असं सांगणाऱ्या माणसासारखा त्यांचा सूर असतो. अशा वेळी मी फक्त “हो, हो” म्हणते, बॅग उचलते आणि बस पकडते.

मी मूळची अकोल्याची. नवऱ्याची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली म्हणून इथे आले. सुरुवातीला क्वार्टर्समधल्या मराठी बायकांबरोबर भिशी, हळदीकुंकू आणि ‘इथे चांगली तूरडाळ कुठे मिळते’ या विषयावरची चर्चा एवढंच आयुष्य होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा ट्रंकेत पडून होता. तूरडाळीवरचं सगळं बोलून झालं तेव्हा तो बाहेर काढला आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत चिकटले. पुढे नवऱ्याच्या बदल्या गुवाहाटी, पाटणा अशा होत राहिल्या. मी बेहालातच राहिले आणि स्वतःचं काम सुरू केलं. आता ते आवरतं घेतलंय. तसंही की-बोर्ड दुरुस्त करून घेणारी माणसं संपत चालली आहेत. बिघडला की फेकतात आणि नवा मागवतात. माझा स्वतःचा मुलगासुद्धा तेच करतो, आणि त्याबद्दल मला रोमन लिपीतल्या मराठीत कळवतो. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग येतो.

की-बोर्डचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे आणि वाटत नाही तिथे अवघड. बटण दाबलं की कॉम्प्युटरकडे अक्षर जात नाही, एक आकडा जातो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं हे आतली सिस्टीम ठरवते. म्हणजे बिघाडाच्या जागा दोनच: एक तर बोटापासून आकड्यापर्यंत, नाही तर आकड्यापासून अक्षरापर्यंत. पहिल्या जागेत संदेश नावाच्या मिठाईचा चुरा, मुंग्या, चहा आणि मांजराचे केस सापडतात. दुसऱ्या जागेत माणसाचं डोकं सापडतं. मी जास्त काम दुसऱ्या जागेत केलं, कारण माझी बरीच गिऱ्हाइकं लिनक्स वापरणारी होती. लिनक्स म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी, उघडून बदलता येणारी सिस्टीम. जुन्या खटारा मशीनवरही ती चालते. बाकीच्या सिस्टीम भाड्याच्या घरासारख्या असतात, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. इथे खिळा ठोका, भिंत पाडा, कोणी अडवत नाही. छत डोक्यावर पडलं तर तक्रार ऐकायलाही कोणी नसतं. ती ऐकायला मी होते.

बराकपूरच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं उदाहरण सांगते. त्यांनी की-बोर्ड साफ करायचा म्हणून सगळी बटणं उपटली, साबणाच्या पाण्यात घातली, गच्चीवर वाळवली आणि परत बसवली. बसवताना त्यांच्या लक्षात आलं की मूळची मांडणी साफ बेशिस्त आहे. क्यू पहिला, झेड खालच्या कोपऱ्यात, याला काय अर्थ? त्यांनी एबीसीडी क्रमाने रांगा लावल्या. प्रत्येक रांगेतल्या बटणाचा उतार वेगळा असतो, त्यामुळे तो की-बोर्ड वाकड्यातिकड्या दातांसारखा दिसत होता. त्यांची तक्रार अशी, की कॉम्प्युटर आता हुकूम पाळत नाही, ए दाबलं की दुसरंच काही लिहितो.

“बटणं जुन्या जागी लावून देते,” मी म्हटलं.

“बटणं बरोबर आहेत,” साहेब म्हणाले. “त्याला सुधारा.”

मी त्याला सुधारलं. सुभेदारसाहेबांच्या क्रमाने अक्षरं देणारी एक मांडणी लिहिली आणि सिस्टीममध्ये बसवून दिली. ते आजही त्यावर टाइप करतात. त्यांच्या घरी दुसरं कोणीही टाइप करू शकत नाही, आणि मला वाटतं त्यांना नेमकं तेच हवं होतं.

पण मला सांगायचंय ते नंदीबाबूंचं.

नृपेन नंदी बागबाजारला एका अरुंद गल्लीत राहतात. सरकारी ऑडिटर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांचं काम एकच होतं: दुसऱ्याने केलेल्या खर्चाला ‘नाही’ म्हणणं. ऑफिसात म्हणायचे, घरी आल्यावर सराव म्हणून म्हणायचे. आवाज खर्जातला, गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचणारा. मग घशाला कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याशी एक भोक उरलं आणि त्यावर ते रेशमी रुमाल बांधू लागले.

त्यांच्या डॉक्टरांनी मला फोन केला. माणूस दिवसभर पाटीवर लिहितो, बायकोला वाचायला वेळ नसतो, आणि वाचलं तरी ती न वाचल्यासारखं करते. काही करता येईल का? मी त्यांच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स घातलं. त्यात टाइप केलेलं बंगाली मोठ्याने वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम बसवला. इंग्रजी अक्षरं दाबली की बंगाली उमटतं, एंटर दाबलं की मशीन बोलतं. आवाज म्हणाल तर पत्र्याच्या डब्यात बसून कोणी बोलावं तसा. नंदीबाबूंना तो अतिशय आवडला. त्यांनी स्पीकर खिडकीच्या कठड्यावर ठेवून घेतले, म्हणजे बाहेरच्या रोयाकवर बसलेल्या मित्रांशीही बोलता येईल.

रोयाक म्हणजे उत्तर कलकत्त्यातल्या जुन्या घरांच्या दाराशी असलेला लांब ओटा. त्यावर बसून गप्पा मारायच्या आणि घरातून चहा मागवायचा. नंदीबाबूंचे तीन मित्र तिथे रोज संध्याकाळी बसत. नंदीबाबू खिडकीच्या आत, ते बाहेर, मध्ये गज. तुरुंगात भेटायला आल्यासारखं दिसायचं, फक्त आतलाच जास्त बोलायचा.

मला ते ‘बर्गी’ म्हणत. मराठ्यांच्या धाडी बंगालवर यायच्या तेव्हा लोक त्या स्वारांना बर्गी म्हणायचे. त्यांना अडवायला जो खंदक खणला, तो या बागबाजारातूनच सुरू व्हायचा. मी दारात दिसले की मशीन पत्र्याच्या आवाजात जाहीर करायचं, “बर्गी एसेछे.” बर्गी आली. मग मला संदेश खायला मिळायचा. खंदक खणण्यापेक्षा हा मार्ग त्यांच्या पूर्वजांना सुचला असता तर बरीच मेहनत वाचली असती.

दुर्गापूजेच्या आधीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी नंदीबाबूंच्या बायकोचा फोन आला. त्यांना मी बौदी म्हणते, म्हणजे वहिनी.

“दिदि, एकदा येऊन जा. यांचं ‘ना’ गेलंय.”

“काय गेलंय?”

“ना. नाही म्हणता येत नाहीये. बाकी सगळं म्हणतात.” त्यांच्या आवाजात मला काळजी ऐकू आली नाही. बोलत होत्या तेव्हा मागे काहीतरी तळलं जात होतं.

मी पोहोचले तेव्हा मशीनने मला बर्गी म्हटलं नाही. नंदीबाबू खुर्चीत बसले होते, डोळे लाल झालेले. मला बघताच त्यांनी दोन्ही हात की-बोर्डवर आपटून टाइप केलं आणि एंटर दाबलं.

“आ. आ. आ. आ,” मशीन म्हणालं.

बंगालीत नाही म्हणायला ‘ना’ म्हणतात. त्यातला न उमटत नव्हता, उरत होता तो नुसता आ. शेजाऱ्यांना वाटलं होतं, म्हाताऱ्याने या वयात गाणं सुरू केलं.

“आणखी काही लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. “रिपे ओदी,” मशीनने ओळख करून दिली.

हसू दाबायला मी बॅगेत डोकं घातलं. तेवढ्यात नंदीबाबूंनी पाटी माझ्यापुढे धरली. तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: उद्या सकाळी गवंडी येणार.

काय झालं ते मग पाटीवरून आणि बौदींकडून तुकड्यातुकड्याने कळलं. गल्लीतल्या क्लबाचा सेक्रेटरी टुटुल. पन्नाशीचा बाप्या, पण गल्लीत टुटुलच. त्याने यंदा पूजेला मोठी मूर्ती सांगितली होती आणि ती या गल्लीत शिरणार नव्हती. मध्ये येत होता नंदीबाबूंचा रोयाक. तो तोडू, पूजेनंतर बांधून देऊ, असं विचारायला टुटुल चार माणसं घेऊन आला. नंदीबाबूंनी टाइप केलं, ‘देबो ना’. देणार नाही. खिडकीतून सगळ्यांना ऐकू आलं, “देबो. आ.”

देणार, आणि पुढे एक समाधानाचा सुस्कारा.

टुटुलने खिडकीला हात जोडले. नंदीबाबूंनी मान जोरजोरात हलवली. ती मान गजाआडून कोणाला किती दिसली देव जाणे. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं तर टुटुल गोड आवाजात म्हणाला, “काकू, सगळ्यांसमोर तुमच्याच तोंडून हो ऐकलं. आता क्लबाने गवंडी ठरवला, मूर्तीवाल्याला कळवलं. तुम्ही असा शब्द फिरवणारे नाही.” बंगालीत काकू म्हणजे काका. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

“आणि बौदी, तुम्ही त्याला काही सांगितलं नाही?” मी विचारलं.

“मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं,” बौदी म्हणाल्या. “देबो, असंच ऐकू आलं.” असं म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी कामाला लागले. पहिली तपासणी नेहमी तीच असते: दुसरा की-बोर्ड लावून बघायचा. मी बॅगेतला लावला. न नाहीच. म्हणजे मुंग्या आणि संदेश निर्दोष. मग सिस्टीमच्या तळाशी काय पोहोचतंय ते दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम उघडला आणि एन दाबलं. आकडा येत होता. पण पडद्यावर लिहायच्या जागी मात्र तो पोहोचत नव्हता. मध्येच कोणीतरी तो उचलून नेत होतं.

सहज म्हणून मी शिफ्ट धरून एन दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. त्या बंगाली मांडणीत शिफ्टशिवाय न आणि शिफ्ट धरला की ण. मी पुढे आ लावून एंटर दाबलं.

“ना,” मशीन खणखणीत म्हणालं.

बंगालीत लिहिताना न आणि ण वेगळे, पण बोलताना दोन्ही सारखेच. मशीनलाही त्यात फरक करता येत नाही. मी नंदीबाबूंकडे वळले. “अहो, मग इतके दिवस शिफ्ट धरून ण का नाही वापरला? टुटुलला ऐकूच गेलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं चुकीचं व्हाउचर लावणाऱ्या कारकुनाकडे बघत असतील. मग पाटी ओढली आणि लिहिलं: बानान भूल. म्हणजे शुद्धलेखनाची चूक.

“पण ऐकणाऱ्याला कुठे कळणार होतं?”

पाटीवर आणखी दोन शब्द आले. मला कळणार.

मी अकोल्याची आहे. पुण्यातल्या नणंदेने ‘पानी’ आणि ‘लोनी’ यावरून मला जन्मभर छळलंय. न आणि ण यांच्यासाठी माणसं कोणत्या थराला जातात हे मला माहीत होतं. पण त्यासाठी घराचा ओटा गमावायला तयार असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आणि वैताग अगदी सम प्रमाणात दाटून आला.

पण ण ने काम सोपं केलं. शिफ्टबरोबर बटण चालतं आणि एकटं असलं की चालत नाही, याचा अर्थ बटण मेलेलं नाही. त्या एकट्या एनला कोणीतरी दुसरंच काम लावून ठेवलंय. सिस्टीममध्ये तशी सोय असते. एखादं बटण दाबलं की अमुक एक गोष्ट व्हावी, असं ठरवून देता येतं. ही सोय कोपऱ्यातल्या बिनकामाच्या बटणांसाठी असते. कोणी शहाणा माणूस रोजच्या अक्षराला ती लावत नाही.

“नंदीबाबू, तुम्ही सेटिंगमध्ये काही केलं होतं का?”

त्यांनी ताबडतोब टाइप केलं. त्यांना लिहायचं होतं, ‘आमि किछु कोरिनि’, मी काही केलं नाही. त्यातलाही न गळाला. मशीनने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आमि किछु कोरि.” मी काहीतरी करतो.

दाराशी आलेल्या बौदी हसता हसता चौकटीला टेकल्या. नंदीबाबूंनी रुमाल सारखा केला आणि भिंतीकडे बघू लागले.

मी शॉर्टकटची जागा उघडली. शेवटी एकच नवी नोंद होती. बटण: एन. काम: मशीनला मोठ्याने ‘ना’ म्हणायला लावणे. बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावातच टाइप करताना एक अक्षर चुकलं होतं. त्यामुळे एन दाबलं की सिस्टीम अस्तित्वात नसलेला प्रोग्रॅम शोधायला जायची, तो सापडायचा नाही, आणि ती गुपचूप परत यायची. न मात्र वाटेतच संपायचा.

मी खुर्ची फिरवली. “एका बटणात ‘ना’ हवं होतं?”

त्यांनी भिंतीवरून नजर काढली. मग पाटी घेतली. आधी अक्षरं लहान होती, हळूहळू मोठी होत गेली. मी दोन अक्षरं दाबून एंटरपर्यंत पोहोचतो, तोवर लोक पुढे गेलेले असतात. मी बोलायला लागलो की ते विषय बदलतात. पूर्वी मी मध्येच नाही म्हणायचो. आता मध्येच काहीच म्हणता येत नाही.

पाटी भरली. त्यांनी ती पुसली नाही, माझ्याकडे दिली.

हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मी ती नोंद पुसून टाकली. मग की-बोर्डवर वर उजवीकडे पॉज नावाचं एक बटण असतं, जे कोणीही कधीच वापरत नाही, त्याला त्यांना हवं होतं ते काम नीट शुद्ध करून लावून दिलं. “हे दाबा.”

त्यांनी दाबलं. “ना.”

पुन्हा दाबलं. “ना.” मग ते थांबेनात. ना, ना, ना, ना. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडून बघितलं. नंदीबाबूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बरीच वर्षं मशीन दुरुस्त करूनही फार थोड्या चेहऱ्यांवर बघितलं आहे. स्वयंपाकघरातून बौदींचा आवाज आला, “झालं. माझे चार दिवस सुखाचे होते.”

मी हात धुवायला आत गेले तेव्हा बौदी पुढच्या चहाचं आधण ठेवत होत्या. “रोयाक गेला असता तर मला वाईट वाटलं नसतं,” त्या म्हणाल्या. “ते तिघे संध्याकाळी बसतात. प्रत्येकी तीन कप. एकाला साखर नको, एकाला आलं नको, एकाला दूध नको. गुडघे माझे दुखतात. यांना कोण सांगणार? सांगितलं की ‘ना’. मशीन देबो म्हणालं, मला वाटलं, देवच बोलला.”

“तुम्हाला कळलं होतं ना, त्यांना काय म्हणायचं होतं ते?”

बौदींनी आधणात चहापत्ती टाकली. “इतकी वर्षं संसार केलाय, दिदि,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी टुटुल आला. गवंड्याला घेऊनच आला, जागा दाखवायला. मागे क्लबातली आणखी माणसं. तिघे मित्र रोयाकवर बसलेले, शेवटचा दिवस असल्यासारखे. मी जायला निघाले होते, पण नंदीबाबूंनी हाताने थांबायची खूण केली. ते मशीनसमोर बसले.

“काकू, उद्या सकाळी लवकर सुरू करतो, ऊन व्हायच्या आत,” टुटुल म्हणाला.

नंदीबाबूंनी पॉज दाबलं.

“ना,” खिडकी म्हणाली.

टुटुल दचकला. मग हसला. “पण काकू, परवा तर तुम्हीच...”

“ना.”

“सगळ्यांनी ऐकलंय, काकू. हे बघा, मूर्ती...”

“ना.”

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या माणसाला कोणाचं वाक्य मध्ये तोडता येत होतं आणि तो ते मन लावून तोडत होता. टुटुलचं हसू मावळलं. गवंड्याने टेप परत खिशात ठेवली. मग नंदीबाबूंनी बोट पॉजवरून उचललं आणि टाइप करू लागले.

ते दोन बोटांनी टाइप करतात. वेळ लागतो. एरवी एव्हाना कोणीतरी हवापाण्याचं काढलं असतं. त्या संध्याकाळी कोणी बोललं नाही. कदाचित पुन्हा ‘ना’ ऐकायला लागू नये म्हणून असेल. बटणांचा खडखड आवाज तेवढा येत होता. मग एंटर वाजलं.

“माझा आवाज काढला,” मशीन म्हणालं, “तेव्हापासून लोक घरात येत नाहीत. आजाऱ्याच्या घरी काय बोलावं ते त्यांना कळत नाही. रोयाकवर येतात. रोयाक घरात नाही आणि बाहेरही नाही. म्हणून येतात.”

खडखड पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली.

“हा गेला तर मी कोणाशी बोलू?”

पत्र्याच्या आवाजाला चढउतार नसतो. प्रश्न विचारतानाही तो रेशनच्या रांगेतला नंबर पुकारल्यासारखा विचारतो. तरीही टुटुल खाली बघू लागला. तिघांपैकी ज्याला साखर चालत नाही, त्याने चष्मा पुसायला काढला. मी बौदींकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे, आणि चहा कोणालाच देत नव्हत्या.

शेवटी त्याच बोलल्या. “टुटुल, रोयाक राहील. तू तुझी मूर्ती लहान कर.”

“काकीमा, मूर्ती तर झाली.”

“मग तिरकी करून आण.”

टुटुलने गवंड्याकडे बघितलं, गवंड्याने गल्लीकडे. काहीतरी हिशेब मनात करून गवंडी म्हणाला की जमेल बहुतेक, बांबूचं गेट थोडं आत घ्यावं लागेल. टुटुलने मान हलवली. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं होतं, आणि त्या बाबतीत त्या घरात तो एकटा नव्हता.

नंदीबाबू विजयी मुद्रेने खुर्चीत मागे रेलले. पण बौदींचं बोलणं संपलं नव्हतं. त्या खिडकीजवळ आल्या आणि गजातून आत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “उद्यापासून या तिघांचा चहा तुम्ही करायचा. माझे गुडघे गेलेत. तुम्ही कोणाशी बोलायचं ते बोला, पण चहा तुम्ही करायचा.”

नंदीबाबूंचं बोट पॉजकडे निघालं. बौदी नुसत्या बघत होत्या. बोट वाटेत थांबलं, परत आलं, आणि अक्षरांवरून फिरलं.

“आच्छा,” मशीन म्हणालं. म्हणजे, बरं.

पूजेला देवी त्या गल्लीत तिरकी आली. ढाक नावाचे ढोल बडवणारे एका बाजूला, कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला, आणि ती मध्ये अंग चोरून, गर्दीच्या बसमधून उतरणाऱ्या बाईसारखी. तिने काही हरकत घेतली नाही. टुटुलने यंदाची थीमच तशी असल्याचं सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनी फोटो काढले.

त्यानंतर हिवाळ्यात मला पुन्हा बागबाजारहून फोन आला. या वेळी बिघाड पहिल्या जातीचा होता: की-बोर्डवर चहा सांडला होता. दूध, साखर, आलं, सगळं. मधल्या रांगेतली बटणं दाबली की खालीच बसायची. मी गेले, बटणं काढली, स्पिरिटने आतलं पुसलं, रबराच्या टोप्या एकेक करून वाळवल्या. उजेडाला बसून करायचं, सावकाश काम. हे काम करताना मला अजूनही बरं वाटतं. माझ्यानंतर ते कोणी करणार नाही हे माहीत असल्यामुळे जरा जास्तच बरं वाटतं.

बौदी पाय वर घेऊन पलंगावर बसल्या होत्या आणि शेंगा सोलत होत्या. नंदीबाबू स्वयंपाकघरात होते. भांड्यांचा आवाज बराच येत होता. थोड्या वेळाने ते कप घेऊन आले, रुमाल नीट बांधलेला, बाह्या दुमडलेल्या. कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसून राहिले.

मी एक घोट घेतला. चहापत्ती उकळून उकळून तिचा काढा झाला होता, दूध करपलं होतं, आणि आल्याचा एक आख्खा तुकडा माझ्या दाताखाली आला. बाहेर रोयाकवरचे तिघे आपापल्या कपात बघत गप्प बसले होते. मला त्यांच्या शांततेचं कारण कळलं.

मी की-बोर्ड जोडून दिला. नंदीबाबूंनी तो पुढे ओढला. एकेक अक्षर दाबून बघत टाइप केलं. सगळी बटणं वर येत होती.

“चा केमोन?” मशीनने विचारलं. चहा कसा झालाय?

बौदींनी शेंग सोलायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

“भालो,” मी म्हटलं. छान.

नंदीबाबूंचा चेहरा उजळला. त्यांनी घाईघाईने पुन्हा टाइप केलं.

“आर एकटू?”

आणखी थोडा? स्वयंपाकघरात भांडं भरून उरला होता, ते मला दिसत होतं. ते अर्धे उठलेही होते, एक हात टेबलावर टेकवून, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी कप पुढे केला.